पेशी हिरवी दिसली म्हणजे धातू सापडला का?

सेन्सरवाले, म्हणजे धातू आला की चमक बदलणाऱ्या मॉलिक्युलवरचे, केमिस्ट्रीचे पेपर ज्यांनी चाळलेत त्यांना तो फोटो पाठच असेल. शेवटाकडची फिगर, काळ्या चौकोनांची रांग, पहिल्या चौकोनात राखाडी हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी), दुसऱ्यात त्याच पेशी हिरव्यागार, तिसऱ्यात दोन्ही एकावर एक चढवलेले, आणि खाली ओळ की आमचा पॉलिमर जिवंत पेशीत अमक्या धातूचा आयन ओळखतो. पेशी आणल्या कुठून, तर एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स), पुणे. विद्यापीठाच्या आवारात गणेशखिंडीला ही संस्था आहे, तिथली सेल रिपॉझिटरी देशभरातल्या लॅबना पेशी देते, त्यामुळे पेपर कोइंबतूरचा असो नाहीतर गुवाहाटीचा, मटेरियल्स अँड मेथड्समध्ये आपलं पुणं असतंच. मला उगाच बरं वाटायचं ते वाचून.

मी पीएचडी याच भानगडीत केली, चमकणारे पॉलिमर आणि धातूंचे आयन, आता डायग्नोस्टिक्समध्ये नोकरी करते, त्यामुळे कुठला रिव्ह्यूअर नाराज होईल याची फिकीर उरलेली नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते. क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक चौकोनी भांड्यात) चमक वाढवणं किंवा विझवणं अवघड नाहीये, एमएस्सीची पोरंही प्रोजेक्टमध्ये करतात. पेशीत जी चमक दिसली तिचा अर्थ काय हे सांगता येणं अवघड. आणि पॉलिमरचा तिथे उपयोग आहे, चांगला आहे, फक्त बहुतेक पेपर ज्या कारणासाठी पॉलिमर घेतात ते कारण पेशीत फारसं कामाचं नसतं.

आधी जरा मागे जाऊ, कारण हे सगळं कॅल्शियमपासून सुरू झालं. आपल्या पेशीच्या बाहेर कॅल्शियम साधारण १ ते २ मिलिमोलर असतं आणि आत, म्हणजे सायटोसोलमध्ये, शांत बसलेल्या पेशीत जेमतेम १०० नॅनोमोलर. दहा हजार पटींचा फरक. स्नायू आकुंचन पावला, नर्व्हमधून सिग्नल गेला की हे आतलं कॅल्शियम क्षणभर वर जातं आणि परत खाली येतं. हे बघायचं कसं? रॉजर त्सिएनने १९८० मध्ये कॅल्शियम पकडणारा बाप्टा नावाचा मॉलिक्युल बनवला, १९८१ मध्ये त्याला पेशीत शिरवायची युक्ती काढली (मॉलिक्युलवरचे चार्ज एस्टरने झाकायचे, तो मेम्ब्रेनमधून सहज आत जातो, आत गेल्यावर पेशीतलेच एन्झाइम ते झाकण कापून टाकतात आणि मॉलिक्युल आतच अडकतो, इतकी सुंदर आयडिया आहे ना ही), आणि १९८५ मध्ये फ्युरा-२ हा चमकणारा डाय आला. फ्युरा-२ वर ३४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की कॅल्शियम वाढल्यावर चमक वाढते, ३८० चा टाकला की कमी होते, दोन्ही वेळा मोजायची ती ५१० च्या आसपास. मग दोघांचा रेशो काढायचा. डाय पेशीत जास्त गेला की कमी, पेशी जाड आहे की पातळ, दिवा थोडा मंद झाला का, हे सगळं भागाकारात कटाप. वर पकड बरोब्बर तेवढीच, दोनेकशे नॅनोमोलरच्या आसपास, म्हणजे पेशीत कॅल्शियम ज्या पट्ट्यात खालीवर होतं नेमका तोच पट्टा. त्सिएनला २००८ चं नोबेल मिळालं ते जीएफपीसाठी, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनसाठी, पण फ्युरा-२ हे एकच काम करून माणूस घरी बसला असता तरी चाललं असतं असं माझं मत आहे.

हे एवढं सांगितलं कारण यात चांगल्या सेन्सरच्या सगळ्या अटी आल्या. आत जाता आलं पाहिजे, पकड त्या पट्ट्यातली पाहिजे, धातू सुटला की परत पहिल्यासारखं झालं पाहिजे, आणि स्वतःचा रेफरन्स स्वतःजवळ पाहिजे. १९८५ साली हे झालेलं आहे. आता पुढे बघा काय झालं.

पॉलिमरची एंट्री दुसऱ्याच दारातून झाली. १९९५ मध्ये टिमथी स्वेगर (पुढे एमआयटीत गेला तोच) आणि त्याच्या विद्यार्थ्याने दाखवलं की कॉन्ज्युगेटेड पॉलिमरच्या, म्हणजे एकाआड एक डबल बाँड असलेल्या लांब साखळीच्या, प्रत्येक कडीवर एकेक रिसेप्टर (पाहुण्या मॉलिक्युलला पकडणारा भाग) बसवला तर साखळीवर कुठेही एका ठिकाणी पाहुणा येऊन बसला तरी अख्ख्या साखळीची चमक जाते. कारण प्रकाश शोषल्यावर जी एनर्जी तयार होते ती एका जागी बसत नाही, साखळीभर धावत असते, आणि धावता धावता त्या एका बसलेल्या पाहुण्यापाशी आली की विझते. दिवाळीच्या जुन्या लायटिंगच्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ बंद, अगदी तसंच. त्यांचा पाहुणा धातू नव्हता, पॅराक्वाट होतं, शेतात तणनाशक म्हणून मारतात ते, आणि एकट्यादुकट्या मॉलिक्युलपेक्षा पॉलिमरचा रिस्पॉन्स साठ पटींच्या वर निघाला. त्याच तत्त्वावर पुढे टीएनटीची वाफ ओळखणारा पॉलिमर झाला आणि फिडो नावाचं स्फोटकं हुंगायचं यंत्र आलं. कंडक्टिंग पॉलिमरला २००० चं नोबेल मिळालं तेव्हा तर सगळ्यांनाच कॉन्ज्युगेटेड साखळ्यांचं वेड लागलं होतं. मग काय, रिसेप्टरच्या जागी धातू पकडणारं काहीतरी लावा, बायपिरिडीन लावा, क्राउन ईथर लावा, कार्बॉक्सिलेट लावा, झाला मेटल सेन्सर. एकेका धातूसाठी ढिगाने पेपर आले.

हे अॅम्प्लिफिकेशन खरंच भारी आहे. हवेतली स्फोटकाची वाफ पकडायची असेल तर यासारखं दुसरं काही नाही. पण पेशीत? पेशीत ते दुधारी होतं. जो पॉलिमर एका पाहुण्याने विझतो तो कुठल्याही पाहुण्याने विझतो. पाण्यात विरघळावा म्हणून साखळीवर सल्फोनेट किंवा कार्बॉक्सिलेट लावलेले असतात, म्हणजे साखळी निगेटिव्ह, आणि पेशीत पॉझिटिव्ह चार्जवाली प्रोटीन्स पोत्याने आहेत, ती येऊन चिकटतात, साखळ्या एकमेकींवर गोळा होतात, चमक बदलते, आणि या सगळ्यात धातूचा काही संबंधच नसतो.

शिवाय विझणारा सेन्सर पेशीत वापरायचा म्हणजे तुम्ही पुरावा म्हणून अंधार दाखवताय. पेशी काळी दिसली. का? धातू आला म्हणून? की पॉलिमर आत गेलाच नाही? की लेसरने ब्लीच झाला? की वॉश करताना निघून गेला? की पेशीच मेली? काळ्या चौकोनातून यातलं काहीच कळत नाही. तरीही कॉपर टू (दोन चार्जचं तांबं) आणि फेरिकचे (तीन चार्जचं लोखंड) टर्न-ऑफ, म्हणजे विझणारे, सेन्सर येतच राहतात, कारण ते बनवायला सर्वात सोपे. दोन्ही पॅरामॅग्नेटिक (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन असलेले), जवळ आले की जवळपास कुठलाही फ्लोरोफोर (चमकणारा भाग) विझवतात, आयर्विंग-विल्यम्स सिरीजमध्ये, म्हणजे कुठला धातू किती घट्ट धरला जातो त्या क्रमात, कॉपर सगळ्यात वर, त्यामुळे रिसेप्टर कसाही काढा, तो कॉपरला धरतोच. सिलेक्टिव्हिटी तुमच्या डिझाइनची नाही, कॉपरची आहे.

फेरिकचं तर विचारूच नका. त्याची टायट्रेशन कशी होते ते सांगते. क्युवेटमध्ये ३ मिली पॉलिमरचं सोल्युशन, बाजूला फेरिक क्लोराइडचा पिवळसर स्टॉक, मायक्रोपिपेटने थोडं थोडं टाकायचं, झाकण लावून दोनदा उलटं करायचं, स्पेक्ट्रम घ्यायचा, परत टाकायचं. पीक खाली खाली जातं, ओरिजिन सॉफ्टवेअरमध्ये प्लॉट केलं की इंद्रधनुष्यासारखे रंग देऊन वरून खाली बाण काढायचा, स्टर्न-व्होल्मरची (धातू किती टाकला आणि चमक किती विझली याची) सरळ रेघ येते, सगळे खूश. आता फक्त एक करा, त्याच क्युवेटचा अॅब्झॉर्बन्स मोजा. फेरिक स्वतःच ३०० ते ४०० च्या पट्ट्यात प्रकाश खातं आणि तुमचं एक्सायटेशन ३६५ वर आहे. म्हणजे पॉलिमरपर्यंत प्रकाशच कमी पोचतोय, त्यात पकडणं वगैरे काही नाही. याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात, पहिल्या वर्षाच्या कोर्सवर्कमध्ये असतो, करेक्शनचा फॉर्म्युला एका ओळीचा आहे, आणि तो लावल्यावर कितीतरी सुंदर रेघा निम्म्यावर येतात. त्यात बफर ७.४ पीएचचा असेल तर साधं मोकळं फेरिक तिथे विरघळलेलं राहतच नाही, हायड्रॉक्साइड होऊन बसतं, फॉस्फेट बफर असेल तर फॉस्फेट. क्युवेट खिडकीपाशी धरून बघितली तर हलका गढूळपणा दिसतो. पण बघतंय कोण, सगळ्यांचं लक्ष स्क्रीनवर. त्यानंतर ३६५ च्या यूव्ही लॅम्पखाली वायल्सची रांग लावून फोटो काढायचा, सगळ्या निळ्या आणि एकच काळी, तो ग्राफिकल अॅबस्ट्रॅक्टला जातो. मीही काढलेत असले फोटो, दिसतात मात्र छान.

बरं आता मूळ प्रश्न, पेशीत मोकळा धातू असतो तरी किती? इथे थॉमस ओहॅलोरन आणि सहकाऱ्यांची दोन कामं माझ्या मते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने टेबलसमोर चिकटवून ठेवावीत. १९९९ मध्ये त्यांनी यीस्टवरून दाखवलं की पेशीत कॉपर एकूण मोजलं तर भरपूर असतं, पण मोकळं कॉपर सरासरी एका पेशीत एक आयन सुद्धा भरत नाही. एक सुद्धा नाही! सगळं कॉपर कुणा ना कुणा प्रोटीनच्या हातात असतं, एका हातातून दुसऱ्या हातात दिलं जातं, मध्ये सुटं कधी पडतच नाही. २००१ मध्ये तसंच झिंकचं, ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या एका पेशीत झिंकचे लाखांनी अणू असतात, पण ते सांभाळणारी प्रोटीन्स फेम्टोमोलरच्या (नॅनोमोलरच्या दहा लाखाव्या भागाच्या) पातळीवर जागी होतात, म्हणजे तिथेही कायमचं मोकळं असं झिंक जवळपास नाही. प्राण्यांच्या पेशीत मोकळं झिंक पिकोमोलर ते नॅनोमोलरच्या दरम्यान धरतात.

हे डोक्यात ठेवून तो तीन चौकोनांचा फोटो परत बघा. मेथड्समध्ये लिहिलेलं असतं की पेशी पॉलिमरबरोबर अर्धा-एक तास ठेवल्या, मग ५० मायक्रोमोलर कॉपर क्लोराइड टाकलं, मग फोटो. पेशीत जे मुळात आहे ते बघितलंच नाही कुणी. बाहेरून ओतलं आणि ओतलेलं दिसलं, बस. त्यातही मीडियममध्ये १० टक्के सीरम, सीरममध्ये अल्ब्युमिन हे प्रोटीन, आणि अल्ब्युमिन कॉपर टू ला असं घट्ट धरतं की पॉलिमरच्या वाट्याला काय उरलं कोण जाणे. आणि समजा कॉपर आत गेलं, तर आत ग्लुटाथायोन आहे मिलिमोलरमध्ये, ते कॉपर टू चं कॉपर वन (एक चार्जचं तांबं) करून टाकतं. पेशीच्या आत कॉपर बहुतेक वन असतं. म्हणजे "जिवंत पेशीतला कॉपर टू सेन्सर" हे शीर्षकच जरा गंमतीशीर आहे, पण ते शेकड्याने छापून येतं. तेव्हा बर्कलीत असलेल्या ख्रिस्तोफर चँगच्या ग्रुपने २००६ मध्ये कॉपर वनसाठी प्रोब (सेन्सर) काढला तो याच कारणाने. त्यावरही नंतर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत, पण प्रश्न निदान बरोबर विचारला होता.

कॉपर दिसावं याची मला एवढी असोशी का, त्यालाही पुण्याचंच एक कारण आहे. इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस नावाचा आजार होता, एक ते तीन वर्षांच्या मुलांचं लिव्हर खराब व्हायचं आणि बहुतेक मुलं दगावायची. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या डॉक्टरांनी हा पाहिलेला आहे, आजच्या रेसिडेंटने नाव सुद्धा ऐकलेलं नसतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं की या मुलांना अंगावरच्या दुधाऐवजी लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं. कल्हई असेल तर ठीक, पण कल्हई उडालेल्या पातेल्यातून तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या केसीनला चिकटून बाळाच्या पोटात जातं. नॉर्मल लिव्हरमध्ये कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे कॉपर साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं, या मुलांमध्ये अनेकदा हजाराच्या वर. कॉपर बाहेर काढणारं पेनिसिलामीन लवकर सुरू केलं तर मुलं वाचतात हेही पुढे याच मंडळींनी ट्रायल करून दाखवलं. घरात स्टील आलं, दुधाच्या भांड्यांबद्दल सांगितलं गेलं, आणि आजार जवळजवळ गेलाच. (ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्येही अगदी असाच आजार होता, तिथेही तांब्याची भांडी आणि पातळ केलेलं गाईचं दूध. सगळ्याच मुलांना होत नव्हता म्हणून काहीतरी जेनेटिक कलही असावा असं मानतात.)

तिथे कॉपर बघायची पद्धत काय होती, तर बायॉप्सीचा तुकडा घ्यायचा, पातळ काप काढायचा आणि त्यावर ऑर्सीन किंवा रोडॅनिनचा स्टेन. ऑर्सीनने पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसतात, कॉपर धरून बसलेल्या प्रोटीनचे. मेलेला टिश्यू, साधा मायक्रोस्कोप, लेसर वगैरे काही नाही. पण प्रश्न पक्का होता: या बाळाच्या लिव्हरमध्ये तांबं साठलंय का? आमच्याकडे सगळं उलटं, आधी सेन्सर बनतो आणि मग त्याला प्रश्न शोधायला निघतात, आणि प्रश्न सापडला नाही की हेला पेशीत ५० मायक्रोमोलर ओततात. विल्सन्स डिसीजसाठी (शरीरात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार) उपयोगी ठरेल असं इंट्रोडक्शनमध्ये एक वाक्य टाकायचं, सुटलो.

असो, फार कुरकुर झाली. पॉलिमरने खरंच काय साधतं ते सांगते, नाहीतर म्हणाल हिला स्वतःचाच विषय आवडत नाही.

माझा आवडता नमुना मिशिगन विद्यापीठाच्या राउल कोपेलमनचा, नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. त्यांनी नाव ठेवलं पेबल. पॉलिअॅक्रिलअमाइडचे (हो, प्रोटीनचं जेल रन करतो तेच) २० ते २०० नॅनोमीटरचे कण, आणि डाय त्या कणाच्या पोटात. इथे पॉलिमर स्वतः चमकत नाही की धातू पकडत नाही, त्याचं काम घर देणं. जाळीतून कॅल्शियमसारखा छोटा आयन आतबाहेर करतो, प्रोटीन मात्र आत शिरू शकत नाही, त्यामुळे डायला प्रोटीन चिकटून रीडिंग बिघडायची भानगड मिटते, आणि डायमधलं जे काही विषारी असेल ते पेशीपासून लांब राहतं. शिवाय त्याच कणात दुसरा डाय, ज्याला धातूशी काही देणंघेणं नाही, रेफरन्स म्हणून. दोघं कायम एकत्र, म्हणजे रेशो भरवशाचा. फ्युरा-२ ला जे केमिस्ट्रीने मिळालं होतं ते इथे कुठल्याही साध्या डायला नुसतं खोलीत बरोबर कोंडून मिळतं. मला पॉलिमरचं हे रूप जास्त पटतं, फारसं कुणाच्या लक्षात येत नाही पण काम करतं.

दुसरा प्रकार पॉलिमर डॉट, पीडॉट म्हणतात. जेसन मॅकनील, चांगफेंग वू आणि सिअॅटलच्या डॅनिएल चू यांच्या कामाने हे पुढे आलं. बनवायला मजा येते. कॉन्ज्युगेटेड पॉलिमर टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचा, अगदी विरळ, आणि सोनिकेटरच्या बाथमध्ये ठेवलेल्या पाण्यात सिरिंजने एका झटक्यात सोडायचा. पाणी दिसल्यावर साखळ्या घाबरून गोळा होतात आणि नॅनोमीटरमधले कण बनतात. मग नायट्रोजन सोडून टीएचएफ उडवायचा, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ढकलायचं. फिल्टर पांढरा राहिला तर जमलं, पिवळा झाला तर पॉलिमर फिल्टरवरच बसलाय, परत सगळं पहिल्यापासून. हे कण इतके तेजस्वी की साधे डाय त्यांच्यापुढे फिके, आणि तेज लागतंच, कारण पेशी स्वतःही चमकते, एनएडीएच निळं, फ्लेव्हिन हिरवं. पीडॉटवर धातू पकडणारा डाय बसवला की अॅम्प्लिफिकेशन इथे उपयोगी पडतं: साखळी प्रकाश गोळा करते आणि डायकडे सरकवते, धातू आला की पॉलिमरचा निळा आणि डायचा लाल यांचा रेशो बदलतो. विझवायला नाही, पेटवायला वापरा ना ती धावती एनर्जी!

पण यालाही एक मोठा अडथळा आहे आणि तो पेबलपासून आजपर्यंत तसाच आहे. आत जायचं कसं? त्सिएनची एस्टरवाली युक्ती छोट्या मॉलिक्युलला चालते, २० नॅनोमीटरच्या कणाला नाही. कण पेशीबरोबर ठेवला तर पेशी त्याला गिळते, एंडोसायटोसिस, आणि गिळलेलं जातं लायसोसोमकडे (पेशीची पचवायची पिशवी, तिचं पोटच), जिथे पीएच साडेचार-पाच. त्या फोटोत झूम केलं तर न्यूक्लियसच्या भोवती ठिपके ठिपके दिसतात, पेशीभर सारखी हिरवाई नसते. ते ठिपके म्हणजे सेन्सर पोटात जाऊन बसलाय. मग तो सायटोसोलमधलं झिंक सांगतोय असं कसं म्हणणार? आणि कार्बॉक्सिलेट, अमाइन वगैरे रिसेप्टर त्या पीएचला प्रोटॉन घेऊन बसले की धातूची पकडच बदलते, क्युवेटमधलं ७.४ चं कॅलिब्रेशन तिथे लागू नाही. कोपेलमनच्या लोकांनी जीन गनने कण अक्षरशः पेशीत घुसवले होते, त्याला हे टाळायचं हेही एक कारण. आता कुणी एवढा त्रास घेत नाही, लायसोट्रॅकर (लायसोसोम दाखवणारा डाय) टाकून ठिपक्यांवर ठिपके जुळले की उलट तेच यश म्हणून सांगतात, "लायसोसोम टार्गेटेड". वा रे वा.

म्हणून मी आता असा पेपर हातात आला की सरळ शेवटची फिगर काढते आणि एकच शोधते, चिलेटर (धातू पकडून काढून घेणारा मॉलिक्युल) टाकून चमक परत खाली आणलीये का. झिंक असेल तर टीपेन, तो मेम्ब्रेनमधून आत जातो आणि झिंकला घट्ट धरतो. टीपेन टाकल्यावर पेशी मंद झाली तर निदान झिंकचा संबंध आहे म्हणायला जागा आहे. नुसती पेशी, काहीही न ओतलेली, त्यात टीपेनने फरक पडला तर फारच छान, म्हणजे पेशीचं स्वतःचं झिंक दिसत होतं. हा कंट्रोल करायला एक दुपार लागते. तरी पुष्कळ पेपरात नसतो. एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते बघायची टेस्ट) मात्र सगळ्यांचं असतं, २४ तास, नव्वद टक्क्यांच्या वर पेशी जिवंत, बार ग्राफ सगळे एका उंचीचे.

पेशीच्या बाहेर मात्र पॉलिमरमध्ये बांधलेल्या सेन्सरने कधीचं मैदान मारलंय, ते लोकांना माहीत नसतं. बेलफास्टचे प्रसन्न डी सिल्वा, मूळचे श्रीलंकेचे, त्यांनी फ्लोरोफोर, मध्ये छोटा स्पेसर, मग रिसेप्टर अशी साधी मांडणी केली: धातू नसताना रिसेप्टरकडून इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि चमक दाबून ठेवतो, धातू आला की तो इलेक्ट्रॉन अडकतो आणि दिवा लागतो. मूळचा टर्न-ऑन. ही मांडणी सोडियम-पोटॅशियमसाठी हायड्रोजेलमध्ये पक्की बांधून रोशच्या ऑप्टी नावाच्या छोट्या ब्लड अॅनलायझरमध्ये आली, अॅम्ब्युलन्स आणि इमर्जन्सीमध्ये वापरायला. रक्तात सोडियम १४० मिलिमोलरच्या आसपास, त्यामुळे पकड मुद्दाम ढिली ठेवलेली. घट्ट पकड म्हणजे चांगला सेन्सर असं आम्हाला कॉलेजपासून वाटत आलेलं असतं, नोकरीत आल्यावर ते डोक्यातून गेलं. नॅनोमोलर लिमिट ऑफ डिटेक्शन घेऊन मिलिमोलरचं सोडियम काय मोजणार, पहिल्याच थेंबाला सेन्सर फुल्ल.

परवा एका ओळखीतल्या मुलीने विचारलं, ताई, पीएचडीला हाच विषय मिळालाय, पॉलिमर सेन्सर, काय करू. तिला म्हटलं झिंक घे, आणि पेशीच्या आत जाऊच नको. पॅन्क्रियाच्या बीटा पेशी इन्सुलिन साठवतात ते सहा-सहाच्या जुडग्याने, मध्ये दोन झिंक. इन्सुलिन सोडलं की झिंकही बाहेर पडतं, तिथल्या तिथे, मेम्ब्रेनच्या अगदी अंगाला, क्षणभर. फलन झाल्यावर अंडपेशी अब्जावधी झिंक बाहेर फेकते, त्याला झिंक स्पार्क म्हणतात, २०११ पासून उंदरात आणि नंतर माणसाच्या अंडपेशीतही पाहिलेलं आहे. म्हणजे इथे धातू खरंच मोकळा होतो, भरपूर होतो, बाहेर होतो, लायसोसोमची कटकट नाही, पीएच ७.४ च, ग्लुटाथायोन नाही. २०११ मध्येच झिमिर नावाचा छोटा मॉलिक्युल मेम्ब्रेनच्या बाहेरच्या बाजूला टांगून इन्सुलिन सुटताना बघितलेलं आहे, पण तो नुसताच उजळतो, रेफरन्स नाही. तिथे पीडॉटचं तेज आणि रेशो दोन्ही नेता आले तर काम होईल. अडचणी आहेतच. कण मेम्ब्रेनवर बसल्यावर पेशी त्याला आत ओढायला लागते, म्हणून मोजायचं ते पहिल्या काही मिनिटांत, आणि पकड फार घट्ट ठेवली तर पहिल्या झटक्यातच सेन्सर भरून जाईल, दुसरा झटका दिसणारच नाही, म्हणजे मायक्रोमोलरच्या आसपासची, पटकन सोडणारी पकड हवी. तिचे गाईड म्हणतायत आधी दोन-तीन फेरिकचे पेपर काढून घे, मग बघू.